नायजेरियाच्या धावपटूंवर जीव असणारं इथे कुणी आहे का?

हर्डलवेडी
३० नोव्हेंबर २०२५, सकाळी ८:१०

गेल्या बुधवारी अहमदाबादला २०३० च्या राष्ट्रकुल स्पर्धा मिळाल्या आणि दुसऱ्या दिवशी आमच्या शाळेत शिक्षकांच्या खोलीत पेढे वाटले. मीही घेतला, आनंदही झाला. पण शर्यतीत दुसरं शहर नायजेरियाची राजधानी अबुजा होतं, हे तिथे कुणाच्या बोलण्यात आलं नाही आणि माझ्या मनातून ते जाईना. राष्ट्रकुल स्पर्धा आफ्रिकेत आजवर एकदाही भरलेल्या नाहीत.

मी सातारा जिल्ह्यात क्रीडाशिक्षिका आहे. नायजेरियात कधी गेले नाही, तिथलं कुणी ओळखीचं नाही. तरी साडेतीन वर्षं झाली, कुठल्याही मोठ्या स्पर्धेची यादी लागली की आपली नावं बघून झाल्यावर मी नायजेरियाची शोधते.

सुरुवात सांगते. जुलै २०२२, अमेरिकेतल्या युजीनची जागतिक स्पर्धा. रविवारी सकाळी आपण सगळ्यांनी नीरजचं रौप्य पाहिलं. सोमवारी मी पुन्हा पहाटे उठले, टीव्ही लावला. साडेपाचच्या सुमारास महिलांच्या १०० मीटर हर्डल्सची, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीची, उपांत्य फेरी होती. शाळेत मी हीच शर्यत पळायचे, मुरमाच्या मैदानावर, विभागीय पातळीपर्यंत. त्यामुळे या शर्यतीत माझी नजर पावलांवर असते. पहिल्या हर्डलपर्यंत १३ मीटर, पुढे दर दोन हर्डल्समध्ये ८.५ मीटर आणि तेवढ्यात तीनच पावलं. चौथं पडलं की लय गेली ती गेली. टोबी अमुसान नावाची ती मुलगी हर्डलवरून उडत नव्हतीच. ती सरळ पळत होती आणि हर्डल्स तिच्या पायाखालून मागे जात होते. घड्याळात १२.१२ आले. आधीचा विश्वविक्रम केंड्रा हॅरिसनचा, १२.२०. गॅसवर दूध होतं ते बंद करून आले, तरी आकडा तोच.

दोन तासांनी अंतिम शर्यत झाली. १२.०६! पण पाठीमागचा वारा सेकंदाला २.५ मीटर होता आणि मर्यादा २ ची, त्यामुळे ती वेळ विक्रमात धरली नाही. सुवर्ण मात्र तिचंच. जागतिक मैदानी स्पर्धेतलं नायजेरियाचं ते पहिलं सुवर्ण. त्याच सकाळी नायजेरियाच्याच एसे ब्रुमेनं लांब उडीत ७.०२ मीटरवर रौप्य घेतलं. राष्ट्रगीत लागलं तेव्हा टोबीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि इकडे माझ्याही.

आता मनातलं विचारते. फेवर ओफिलीवर माझा असाच जीव आहे. पॅरिस ऑलिंपिकला ती १०० मीटरसाठी पात्र ठरली होती आणि तिचं नाव त्या शर्यतीच्या यादीत गेलंच नाही. २०० मीटर पळाली, अंतिम फेरीत सहावी आली. यंदा जूनमध्ये बातमी आली की तिनं तुर्कस्तानकडून धावायचं ठरवलं. तेव्हापासून मला कळत नाही, मी नेमकी कुणाची चाहती आहे? जर्सीची की मुलीची? इथे कुणाला हे कधी जाणवलंय का?

*

सोलापुरी_गडी
३० नोव्हेंबर, सकाळी ९:०२

ताई, लेख आवडला पण एक विचारतो, राग मानू नका. आपला अविनाश साबळे बीडमधल्या मांडव्याचा. त्याच्यासाठी ओरडायला माणसं कमी पडतात. मग इतका जीव परक्यांवर कशाला?

*

हर्डलवेडी
३० नोव्हेंबर, सकाळी ९:४०

राग कसला? २०२२ च्या ऑगस्टमध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत साबळेनं स्टीपलचेसमध्ये (अडथळे आणि पाणी ओलांडायची ३००० मीटरची शर्यत) ८ मिनिटं ११.२० सेकंदांत रौप्य घेतलं, सोनं फक्त ०.०५ सेकंदानं हुकलं, तेव्हा माझ्या ओरडण्यानं शेजारच्या काकू धावत आल्या होत्या. त्याच स्पर्धेत टोबीनं १२.३० मध्ये सोनं घेतलं, तेव्हाही तशीच ओरडले. एकावर माया केली म्हणून दुसऱ्याची कमी होत नाही हो. शाळेत साठ पोरी आहेत माझ्या, सगळ्यांवर आहे.

*

लागोसकर
३० नोव्हेंबर, दुपारी २:१५

असा धागा मराठीत निघेल असं वाटलं नव्हतं. मी मूळचा इचलकरंजीचा, चौदा वर्षं लागोसला, इलुपेजू भागात राहतो. इकडे आपली भारतीय वस्ती बरीच आहे.

टोबीच्या त्या शर्यतीच्या वेळी इकडे रात्रीचा एक वाजून गेला होता. लाईट नव्हती, जनरेटर बंद करून सगळे झोपलेले. मी फोनवर बघत बसलो होतो. गेटवरच्या मैगार्डनं (इकडे राखणदाराला तसं म्हणतात) खिडकीतून उजेड बघितला आणि विचारलं, सगळं ठीक ना? त्याला म्हटलं, तुमची मुलगी पळतेय, ये. एवढ्याशा पडद्यावर आम्ही दोघांनी ती बघितली. १२.१२ आलं तेव्हा तो काहीच बोलला नाही. नुसता हात जोडून उभा राहिला. मग अंतिम शर्यतीपर्यंत, म्हणजे तीन वाजेपर्यंत, आम्ही दोघं पायरीवर बसून राहिलो. टोबी इजेबू-ओडेची, इथून शंभरेक किलोमीटरवर. आमचा मैगार्डही त्याच बाजूचा निघाला.

ताईंनी विचारलंय त्यावर मी मैदानावरून सांगतो. याबा टेक कॉलेजचं मैदान आमच्यापासून जवळ. शनिवारी स्पर्धा असली की मी जातो. २०२१ च्या ऑलिंपिकच्या निवड चाचण्याही तिथेच झाल्या होत्या. पहिल्यांदा गेलो तेव्हा पोरं "ओयिंबो, ओयिंबो" म्हणून हाका मारायची, ओयिंबो म्हणजे परका माणूस. आता कोपऱ्यावरचा सुयावाला मला बघितलं की न विचारता काडीवर मांस भाजायला घेतो, तिखट जास्त घालून.

तिथे एकदा बघितलेली गोष्ट डोळ्यांसमोरून जात नाही. २०० मीटरच्या फेऱ्या चालू होत्या. दुसऱ्या फेरीतली एक मुलगी पळून आली, गुडघ्यावर हात टेकून दम खाल्ला आणि खाली बसून घाईघाईनं स्पाइक्सच्या नाड्या सोडायला लागली. शेजारी दुसरी मुलगी अनवाणी उभी. तिचा नंबर चौथ्या फेरीत. बूट एकच जोड. पहिलीनं ते काढले, दुसरीनं आत फडक्याच्या चिंध्या कोंबल्या, कारण तिचा पाय लहान होता, आणि धावतच रेषेवर गेली. पहिली अनवाणी पायांनी आतल्या गवतातून तिच्या बरोबरीनं पळत तिला ओरडून धीर देत होती. त्या दोघींपैकी कोण जिंकलं ते मला आठवत नाही.

इकडे खेळाडूंचे दोन वर्ग पाडतात. "होम-बेस्ड" म्हणजे इथेच राहून सराव करणारे, आणि "फॉरेन-बेस्ड" म्हणजे बहुतेक अमेरिकी विद्यापीठांत गेलेले. टोबी टेक्सासमधल्या एल पासोच्या विद्यापीठात गेली, तिच्या आधी धावपटू ब्लेसिंग ओकागबारेही तिथेच होती. ओफिली लुइझियानाला. घरी राहून वर पोचणारे थोडे. एनॉक अडेगोके तसा होता. टोकियो ऑलिंपिकला १०० मीटरच्या प्राथमिक फेरीत ९.९८ पळाला, अंतिम फेरीत गेला आणि तिथे मध्येच मांडी धरून थांबला. त्या दिवशी आमच्या कारखान्यात सगळी मशिनं बंद होती. कुणी सांगितलं नव्हतं, आपसूक झाली.

म्हणून ओफिलीबद्दल मला राग येत नाही. मुलगी कुठल्या मातीतून वर आली ते मी रोज बघतो. ती माती तिच्या पायाला राहणारच, जर्सी कुठलीही असो.

*

आकडेमोडे
३० नोव्हेंबर, रात्री ९:३०

मी ठाण्याचा, निवृत्त, ॲथलेटिक्सचे निकाल वहीत उतरवायची सवय १९८४ पासूनची. त्या वर्षी लॉस एंजेलिस ऑलिंपिकला नायजेरियाच्या मुलांनी ४ x ४०० मीटर रिलेत कांस्य घेतलं. माझ्या पहिल्या वहीचं चौथं पान. तिथून हा देश मी सोडला नाही.

देश सोडण्याचा प्रश्न नवा नाही. हर्डलवेडींना हर्डल्सचीच गोष्ट सांगतो. ग्लोरी अलोझी. १९९८ मध्ये १२.४४ पळाली, आफ्रिकेचा विक्रम. दोन वर्षांनी सिडनी ऑलिंपिक. तिचा होणारा नवरा हायजिनस अनुगो ४०० मीटरचा धावपटू, रिलेच्या चमूबरोबर सिडनीला आलेला. स्पर्धा सुरू होण्याच्या आठवडाभर आधी तिथल्या रस्त्यावर गाडीखाली सापडून गेला. अलोझी तरीही पळाली. १२.६८, रौप्यपदक. सोनं कझाकस्तानच्या ओल्गा शिशिगिनाला १२.६५ मध्ये. तीन शतांश. पुढच्या वर्षी ती स्पेनची नागरिक झाली. तेव्हा लोक काय काय बोलले! मी वहीत तिच्या नावापुढे देश बदलला आणि रकाना तोच ठेवला.

तिचा तो १२.४४ चा आफ्रिकी विक्रम २३ वर्षं टिकला. सप्टेंबर २०२१, झुरिच, टोबी अमुसान १२.४२. म्हणजे तुमच्या टोबीला जो आकडा मागे टाकायचा होता, तो एका निघून गेलेल्या मुलीनं नायजेरियाच्या जर्सीत ठेवलेला होता.

आणि त्याच सिडनीतली पुरुषांची ४ x ४०० रिले. अनुगो ज्या चमूचा, तोच चमू. क्लेमेंट चुकवू, ज्यूड मोन्ये, संडे बाडा आणि शेवटच्या टप्प्याला एनेफियोक उडो-ओबोंग. २ मिनिटं ५८.६८ सेकंद, अमेरिकेमागे दुसरे. अमेरिकेच्या चमूतल्या अँटोनियो पेटिग्र्यूनं २००८ मध्ये उत्तेजक घेतल्याचं कबूल केलं. अमेरिकेचं सोनं काढून घेतलं आणि २०१२ च्या जुलैत ते नायजेरियाला दिलं. बारा वर्षांनी! संडे बाडा मात्र डिसेंबर २०११ मध्येच वारला होता. सात महिने राहिले असते तर.

मी त्या पानावर "२" खोडून "१" केला तेव्हा हात थरथरला होता. हे कुणाला सांगितलेलं नाही, आज इथे लिहितोय.

*

गोंयकार_म्हापसा
१ डिसेंबर, सकाळी ७:२०

काका, तुमची पोस्ट सकाळी वाचली, चहा थंड झाला.

आम्ही गोव्याचे, आमचा रस्ता फुटबॉलचा. इथे धेंपो क्लबात रँटी मार्टिन्स आणि चर्चिल क्लबात ओडाफा ओकोली हे दोघे नायजेरियाचे. फातोर्ड्याला त्यांचे गोल बघत आमची एक पिढी वाढली. त्याच्याही आधी १९९६, अटलांटा ऑलिंपिक. कानूच्या नायजेरिया संघानं ब्राझीलला ४-३ नं हरवलं, मग अर्जेंटिनाला ३-२. आमच्या वाड्यावर एकच रंगीत टीव्ही होता, तिथे सगळा वाडा. ते सोनं सगळ्यांना आठवतं.

पण ते नायजेरियाचं पहिलं ऑलिंपिक सोनं नव्हतं! आदल्याच दिवशी, २ ऑगस्टला, चिओमा अजुन्वानं लांब उडीत ७.१२ मीटर उडी मारली होती. पहिल्याच प्रयत्नात. मागे फिओना मे आणि जॅकी जॉयनर-कर्सी. आफ्रिकेच्या कुठल्याही बाईला मैदानावरच्या उड्या-फेकीत ऑलिंपिक सोनं मिळायची ती पहिली वेळ. पोलीस खात्यातली बाई, आणि त्याआधी देशाच्या महिला फुटबॉल संघात होती. तिच्यावर चार वर्षांची उत्तेजकांची बंदीही येऊन गेली होती, तेही खरं आहे आणि लपवायचं कारण नाही. मला हे सगळं कळलं २००८ मध्ये, वाचून. तेव्हापासून फुटबॉल थोडा मागे पडला.

*

दिल्लीत_होते
१ डिसेंबर, दुपारी १२:४५

उत्तेजकांचा विषय निघालाच आहे तर लिहिते. २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत मी नेहरू स्टेडियमवर स्वयंसेवक होते, कॉलेजचं दुसरं वर्ष. महिलांच्या १०० मीटरला सॅली पिअर्सन पहिली आली, मग चुकीच्या सुरुवातीमुळे बाद झाली आणि सोनं नायजेरियाच्या ओलुदामोला ओसायोमीला मिळालं. थोड्याच दिवसांत ओसायोमीची चाचणी सदोष आली, तेही गेलं.

शेवटी महिलांची ४ x ४००. भारत पहिला, ३ मिनिटं २७.७७. नायजेरिया दुसरा. स्टेडियम इतकं गर्जत होतं की शेजारच्या मुलीशी मला खुणेनं बोलावं लागलं. शर्यत संपल्यावर आम्हाला खेळाडूंना पाण्याच्या बाटल्या द्यायच्या होत्या. नायजेरियाची एक मुलगी जमिनीवर पाय पसरून बसली होती, छाती वरखाली होत होती. बाटली दिली तेव्हा तिनं आपल्या मुलींकडे, त्या तिरंगा घेऊन चालल्या होत्या तिकडे, बोट केलं आणि टाळ्या वाजवल्या. मला तेवढंच आठवतं, तिचं नावही विचारलं नाही.

पुढच्या वर्षी आपल्या त्या चौघींपैकी तिघी उत्तेजक चाचणीत सापडल्या. त्या दिवशी वसतिगृहात मला त्या बसलेल्या मुलीच्या टाळ्याच आठवत होत्या. तेव्हापासून "त्यांचे खेळाडू असले आणि आपले तसले" असं बोलणं मला जमत नाही.

*

ऑस्टिनवासी
१ डिसेंबर, रात्री १०:१०

माझाही एक ओरखडा आहे. जून २०१९, अमेरिकेतल्या विद्यापीठांची राष्ट्रीय स्पर्धा आमच्या ऑस्टिनला होती. मित्रानं ओढून नेलं. टेक्सास टेकचा डिव्हाइन ओडुडुरू एकाच संध्याकाळी १०० मीटर ९.८६ मध्ये आणि २०० मीटर १९.७३ मध्ये पळाला. मी वळणाच्या बाजूला बसलो होतो. वळण संपून सरळ रेषेत येताना इतरांची शरीरं बाहेर फेकली जातात, त्याचं जात नव्हतं. खांदे पार सैल. घरी येऊन बायकोला अर्धा तास सांगत बसलो, मग लेकीला उठवून सांगितलं.

२०२३ मध्ये त्याच्यावर सहा वर्षांची बंदी आली. ओकागबारेवर आधीच आली होती, दहा वर्षांची, पुढे ती अकरा केली. टोकियो ऑलिंपिकला १०० मीटरच्या उपांत्य फेरीच्या दिवशी सकाळी तिला थांबवलं होतं. ओडुडुरूच्या त्या संध्याकाळचा मी काढलेला एक व्हिडिओ अजून फोनमध्ये आहे. पुसवत नाही, बघवत नाही.

*

हर्डलवेडी
२ डिसेंबर, सकाळी ६:१५

सगळ्यांचं वाचून काल रात्री झोप नीट लागली नाही. ऑस्टिनवासी, तुमचं दुःख मला कळतं. २०२३ च्या जुलैत टोबीवर तीन चाचण्या चुकवल्याचा आरोप आला, तेव्हा महिनाभर माझी अशीच अवस्था होती. शाळेत तिचा फोटो लावलेला आहे, तो काढावा का हा विचार रोज यायचा. बुडापेस्टची जागतिक स्पर्धा सुरू व्हायच्या तोंडावर तिला निर्दोष ठरवलं, पुढच्या वर्षी क्रीडा लवादानंही तेच कायम ठेवलं. बुडापेस्टला सहावी आली. पॅरिसला तर अंतिम फेरीतही गेली नाही. पण यंदा टोकियोच्या जागतिक स्पर्धेत, १५ सप्टेंबरला, स्वित्झर्लंडच्या दिताजी कांबुंजीमागे १२.२९ मध्ये रौप्य! आपल्याकडे संध्याकाळचे सातही वाजले नव्हते. मुली सराव संपवून जात होत्या, त्यांना थांबवून मैदानावरच फोनवर दाखवलं. फोटो अजून जागेवर आहे.

पण निर्दोष सुटली म्हणून मी तिची आहे का? नसती सुटली तर? हे मला अजून उलगडलेलं नाही. दिल्लीत_होते, तुमच्या त्या टाळ्या वाजवणाऱ्या मुलीचं मात्र मनात घर झालं.

*

नवा_पाहुणा
२ डिसेंबर, सकाळी ११:३०

सहा महिने झाले ॲथलेटिक्स बघायला लागून. हे सगळं तुम्ही इकडे बसून बघता कुठे आणि कसं?

*

आकडेमोडे
२ डिसेंबर, दुपारी १:००

ॲथलेटिक्सच्या जागतिक महासंघाच्या संकेतस्थळावर प्रत्येक खेळाडूचं पान असतं, तिथे सगळ्या वेळा मिळतात, वाऱ्यासकट. आधी एक खेळाडू निवडा आणि तिचा एकच हंगाम पूर्ण बघा. मार्चपासून मेपर्यंत अमेरिकी विद्यापीठांच्या स्पर्धा बघायच्या, नायजेरियाची निम्मी नावं तिथेच उगवतात. पॅरिसला ४०० मीटरच्या अंतिम फेरीत गेलेला १८ वर्षांचा सॅम्युएल ओगाझी आणि यंदा टोकियोत १०० मीटरच्या अंतिम फेरीत पळालेला कायिनसोला अजयी, दोघेही त्याच वाटेनं आले. उन्हाळ्यात देशाच्या निवड चाचण्या, मग डायमंड लीग, म्हणजे वेगवेगळ्या देशांत होणारी स्पर्धांची वार्षिक मालिका. टोबीनं डायमंड लीगचा करंडक २०२१, २२, २३ असा सलग तीनदा घेतलाय. आणि वही ठेवा, फोनमध्ये नको.

*

सोलापुरी_गडी
२ डिसेंबर, रात्री ८:४५

मी पहिल्या दिवशी जे विचारलं होतं त्याचं उत्तर मला मिळालं. सगळं वाचलं. आता एकच शंका. या पोरींची नावं यादीत जात नाहीत, चाचण्या चुकतात, हे दर वेळी होतं कसं? तिथे बघणारं कुणी नाही का?

*

लागोसकर
२ डिसेंबर, रात्री ११:२०

दादा, टोकियो २०२१ चं सांगतो, म्हणजे कळेल. नियम असा की काही देशांच्या खेळाडूंची मोठ्या स्पर्धेआधीच्या दहा महिन्यांत, न सांगता, स्पर्धेबाहेर तीनदा चाचणी झालीच पाहिजे, दोन चाचण्यांत किमान तीन आठवड्यांचं अंतर ठेवून. ती करवून घ्यायची जबाबदारी देशाच्या महासंघाची. ती झाली नाही आणि नायजेरियाचे दहा खेळाडू टोकियोत पोचल्यावर अपात्र ठरले. चाचणीत कुणी सापडलं नव्हतं, चाचणीच झाली नव्हती. पोरांनी हातात फलक धरून मोर्चा काढला. त्याच स्पर्धेत गोळाफेकीचा चुकवुएबुका एनेक्वेची अंतिम फेरीत गेला आणि आपली एकुलती एक जर्सी बेसिनमध्ये धुतानाचा व्हिडिओ त्यानं टाकला. कपडे पुरवणाऱ्या कंपनीशी महासंघाचा वाद झाला होता, त्याचा भार त्या पोराच्या अंगावर पडला.

पण त्या दहा जणांचं पुढे काय झालं ते बघा. चिओमा ओन्येक्वेरे थांबली, पुढच्याच वर्षी बर्मिंगहॅमला थाळीफेकीत नायजेरियासाठी सोनं घेतलं. ॲनेट एचिकुन्वोके हातोडाफेकीची, अमेरिकेत जन्मलेली, आईबापांच्या देशासाठी खेळायला आली होती. ती परत अमेरिकेकडे गेली आणि पॅरिसला त्यांच्यासाठी रौप्य जिंकली. त्या पॅरिसमध्ये नायजेरियाला एकाही खेळात एकही पदक नव्हतं. आणि तिसरी ओफिली. २०२१ ला ती त्या दहांत होती. २०२२ ला तिच्या रिलेचं बर्मिंगहॅमचं सोनं सहकारी उत्तेजक चाचणीत सापडल्यामुळे गेलं. २०२४ ला नावच यादीत नाही. तीन वेळा, हर्डलवेडी ताई. मोजा.

एचिकुन्वोकेचं पदक लागलं त्या रात्री मी मैगार्डला विचारलं, हे आपलं म्हणायचं का? तो म्हणाला, मुलगी सासरी गेली म्हणून माहेरचं नाव पुसतं का?

*

हर्डलवेडी
३ डिसेंबर, सकाळी ६:४०

त्यांना माझा नमस्कार सांगा.

काल शाळा सुटल्यावर आठवीच्या मुलींना घेऊन मैदानावर फक्कीनं रेघा मारल्या. हर्डल्स नव्हते, वीट ठेवून त्यावर काठ्या आडव्या टाकल्या. पण अंतर बरोबर टेपनं मोजून, ८.५ मीटर. तीन पावलांत कुणालाच जमलं नाही, सगळ्या पाचवर. मी काही बोलले नाही. शेवटी एक मुलगी, जी वर्गात कधी तोंड उघडत नाही, ती पुन्हा पुन्हा मागे जाऊन येत राहिली. अंधार पडायला लागला तेव्हा तिचं एकदा चार झालं. म्हणाली, बाई, उद्या अंतर थोडं कमी करू या का? म्हटलं, उद्या कमी करू, मग परत वाढवू.

मी ओफिलीच्या वेळा माझ्या वहीत लिहायला घेतल्यात. काकांसारखाच रकाना तोच ठेवलाय.

*

आकडेमोडे
३ डिसेंबर, सकाळी ८:०५

वही ठेवलीत, फार बरं वाटलं. त्या मुलीला आत्ता ७ मीटर द्या, तीनची लय आधी बसू दे.

*

लागोसकर
३ डिसेंबर, दुपारी ३:३०

हरमॅटनचा वारा सुरू झालाय, सगळीकडे धूळ. तरी शनिवारी याबाला जाणार आहे. कुणी हर्डल्सवाली पोर सराव करताना दिसली तर तिला विचारून पावलांचा व्हिडिओ काढतो, तुमच्या मुलींना दाखवा. पुढच्या जुलैत ग्लासगोच्या राष्ट्रकुल स्पर्धा, २३ तारखेपासून. तिथली उन्हाळ्यातली वेळ आणि लागोसची एकच, तुम्ही साडेचार तास पुढे. रात्री जागावं लागेल. मी आणि मैगार्ड जागे असू, धागा वर आणा.